रत्नमालेचा डावा डोळा

निडीच्या गोविंदाने समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, आणि तोही रेवदंड्याला भर ओहोटीला गेल्यामुळे पाहिला असं म्हणणं जरा धाडसाचंच. समुद्र कुठेतरी लांब कामाला गेलेला आणि मागे राखणीला नुसता चिखल. गोविंदा अर्धा दिवस बसला, चणे खाल्ले आणि परत आला. तरीसुद्धा नागोठण्यापासून रोह्यापर्यंत समुद्राबद्दल काही वाद निघाला तर शेवटचा शब्द त्याचा. कारण त्याच्याकडे कार्डं होती.

कार्डं यायची पुंडलिककडून. पुंडलिक म्हणजे गोविंदाच्या मावसबहिणीचा मुलगा. खाडीकडच्या मिठागरात वाढला आणि मुंबईला जाऊन मयूर स्टीमशिप कंपनीच्या ‘रत्नमाला’ बोटीवर लागला. कार्डाच्या मागे त्याचा मजकूर ठरलेला: आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवणे. खरी करामत पुढच्या बाजूला. तिथे कंपनीच्या चित्रकाराने आपलं सगळं प्रेम ओतलं होतं. बोट पांढरीशुभ्र, जराशी तिरकी, नाक वर करून थेट बघणाऱ्याच्या ओसरीवर चढेल अशी. धुराड्यातला धूर वाऱ्यावर सोडलेल्या पदरासारखा. मागे नारिंगी सूर्य, तोही एवढा की बुडाला तर समुद्र काठाबाहेर सांडावा. कठड्याशी एक टोपीवाली बाई, हातात रुमाल. आणि खाली कोपऱ्यात, बोट किती थोर आहे ते कळावं म्हणून, टीचभर होडी आणि तीत हात वर केलेला एक पाठमोरा लंगोटीवाला.

कार्ड एडनहून येवो की मोंबासाहून, बोट तीच, सूर्य तोच आणि होडीवालाही तोच. त्यावरून गोविंदाने निष्कर्ष काढला होता की होडीवाला कंपनीच्या पगारावर असून सगळ्या बंदरांना बोटीच्या आधी जाऊन पोचतो.

ही कार्डं देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी उभी असत. गोविंदाची थोरली बहीण बायजाबाई रोज पूजा करायची आणि रोज तिला काहीतरी शंका यायची.

“ह्या बाईनं टोपी कशाला घातलीय रं?”

“वारा लागतो, अक्का.”

“मंग पदर घ्यावा. टोपी उडली म्हंजे?”

“म्हनून तर हातात रुमाल हाय.”

अशा माणसाने मुलीच्या लग्नाचं काय ठरवलं असेल ते सांगायला नको. “सरू देईन तर बोटवाल्याला!” हे वाक्य गोविंदाने रोह्याच्या बाजारात, न्हाव्यासमोर, आणि एकदा तर चालत्या एसटीत कंडक्टरला उद्देशून म्हटलं होतं. पुंडलिकचा होकारही आला होता, अर्थात कार्डावरूनच. माघी गणपती झाले की तो मुलगी बघायला येणार आणि फाल्गुनात बार उडणार. सरूला कुणी विचारलं नव्हतं.

नव्याने झालेल्या महाराष्ट्रात ही एक बातमी पेणमध्ये पोचायची राहिली होती, ती घेऊन गोविंदा स्वतःच गेला.

पेणला हैबतरावांचा गणपतीचा कारखाना होता, आणि त्या कारखान्यात दिनानाथ डोळे आखत असे. मूर्ती घडवणारे वेगळे, रंग भरणारे वेगळे. सगळ्यांचं आटोपलं की शेवटी आखणीवाला बसतो. खारीच्या केसांची बारीक कुंचली, श्वास रोखलेला, आणि भुवई, पापणी, बुबुळ. तोवर शाडूची माती असते, मग एकदम ती तुमच्याकडे बघायला लागते. दिनानाथचा हात असा होता की त्याने आखलेल्या गणपतीसमोर लोक चपला न सांगता काढायचे.

पण गेली काही वर्षं त्याला एक दुखणं जडलं होतं. दर श्रावणात गोविंदा निडीहून मूर्ती ठरवायला यायचा आणि बरोबर सरूला आणायचा. ती मूर्तीसमोर उभी राहायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, “आबा, डावा डोला जरासा बारीक झालाय.”

दिनानाथ काही बोलायचा नाही. बोलणार काय? ती गेली की तो कामाला बसायचा आणि हात आपोआप तिच्याच डोळ्यांकडे वळायचा. पहिल्या वर्षी एक मूर्ती तशी झाली, दुसऱ्या वर्षी ओळ झाली, आणि यंदा तर हैबतराव फळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले होते, “दिनू, सगले गनपती एकाच घरचे वाटतात रे. आजोल कुठलं ह्यांचं?”

तर अशा कारखान्यात गोविंदा येऊन उभा राहिला. डोक्यावरचं मुंडासं सोडलं, त्यातून केळीच्या पानात गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि हैबतरावांच्या हातात दिलं.

“लग्नघराच्या भिंतीवर हत्ती नि भालदार सगलेच काढतात. माज्या भिंतीवर ही बोट पायजे. अशीच, पन भिंतीयेवढी. जावई आला की त्याला आपल्या घरी आल्यासारकं वाटाया नको?”

“जावई बोटीवर हाय?” हैबतरावांनी विचारलं.

“बोट त्याचीच म्हना.”

“कुनाला देतोस? सरूला?”

दिनानाथच्या हातातली कुंचली त्या दिवशी पहिल्यांदा घसरली. समोरचा गणपती एका डोळ्याने डुलकी काढतोय असा दिसू लागला. हैबतरावांनी ते पाहिलं. म्हातारा खट होता, तोंड अगदी कोरं ठेवून म्हणाला, “मंग आमचा दिनू पाठवतो. डुलत्या बोटीची सरल रेघ मारनारा दुसरा कुनी नाय माज्याकडं.”

माघी गणपती गिऱ्हाइकांच्या घरी गेले आणि दिनानाथ पेणच्या रामवाडी नाक्यावर एसटीत चढला. पिशवीत गेरू, पिवडी, काजळी आणि कुंचल्या. ज्या मुलीसाठी आपण तीन वर्षं तोंड उघडलं नाही, तिच्या लग्नासाठी तिच्या नवऱ्याची बोट तिच्याच घरावर काढायला निघालेला माणूस एसटीत कसा दिसतो? चांगला दिसतो. कंडक्टरने त्याला दोनदा विचारलं, “दुखतंय काय कुठं?”

गोविंदाची भिंत रस्त्याकडे तोंड करून होती, ओसरीच्या वर चांगली ताडमाड. दिनानाथने चुन्याचा हात मारला, कोळशाने बोट आखली आणि समुद्राला सुरुवात केली. समुद्राला नीळ लागते. कार्डावर चमचाभर दिसणारा समुद्र भिंतीवर मागतच सुटला. निडीतली नीळ संपली, मग रोह्याच्या दुकानांतली संपली, आणि पुढचे आठ-पंधरा दिवस कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर लोक पिवळट धोतरं नेसून हिंडले. रोह्यात विचारलं तर दुकानदार सांगत, “सगला समुद्र गोविंदानं उचलला.”

नीळ कालवून द्यायचं काम सरूकडे आलं. ती खाली घमेलं घेऊन, तो वर शिडीवर.

“एक विचारू?” ती म्हणाली. “हा होडीतला मानूस बोटीला बोलावतो का हाकलतो?”

दिनानाथने होडीवाल्याकडे पाहिलं. “दोन्ही नाय. बुडतोय तो.”

“मंग वरडत का नाय?”

“वरडून काय? बोट येवढी मोठी. तिच्यावर टोपीवाल्या बाया.”

“वरडून तर बघावं,” सरू म्हणाली आणि घमेलं तिथेच आदळून आत गेली. निळीचे शिंतोडे दिनानाथच्या पायांवर उडाले. ते त्याने पुष्कळ दिवस धुतले नाहीत, पण त्याला तसंही कारण होतं. घरातलं सगळं पाणी नीळ कालवण्यातच संपत होतं.

बोट सुरेख उतरत होती. गोविंदा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून ये-जा करणाऱ्यांना “जरा बाजूनं, भरती हाय” असं सांगत होता. एसटीचा ड्रायव्हर वळणावर वेग कमी करून हॉर्न द्यायचा आणि गोविंदा बोटीच्या वतीने हात वर करायचा.

अखेर फक्त बोटीचं तोंड राहिलं. कार्डावर नाकाच्या दोन बाजूंना, नांगराच्या साखळ्या जातात ती दोन काळी भोकं होती. अगदी साधी भोकं. गाढवानेही काढली असती. पण दिनानाथ शिडीवर चढला, समोर एक मोठा पांढराशुभ्र चेहरा, मधोमध नाक आणि नाकाच्या दोन्ही अंगांना कोऱ्या जागा. इतकी वर्षं अशा जागेपुढे त्याचा हात एकच गोष्ट करत आला होता. त्याने खारीच्या केसांची कुंचली घेतली, श्वास रोखला, आणि श्वास सोडला तेव्हा बोट त्याच्याकडे बघत होती.

दिनानाथ शिडीवरून उतरला आणि शेजारच्या घराच्या पडवीत जाऊन घोंगडी ओढून पडला.

पुंडलिक यायचा तो दिवस उजाडला. गोविंदा मुंडासं बांधत बाहेर आला, भिंतीकडे पाहून हात जोडले, आणि मग आपण हात का जोडले हे कळेना म्हणून पुन्हा पाहिलं.

“दिनूऽऽ!”

सगळा गाव जमला. बोट बघत होती. डावीकडे सरकलं तर डावीकडे बघे, उजवीकडे सरकलं तर उजवीकडे. शेजारच्या दारुड्या नाथाने हे दोनदा करून पाहिलं आणि भरल्या गावात दारू सोडायची शपथ घेऊन टाकली, ती संध्याकाळपर्यंत टिकली.

“बोटीला डोले असतात?” गोविंदा ओरडला. “कार्डावर दाव मला! कुठं हायत डोले?”

“हात गेला, काका,” दिनानाथ म्हणाला.

“मंग पुसून टाक. जावई येतोय माजा!”

दिनानाथ खाली मान घालून उभा राहिला. “आखलेला डोला पुसत नायत, काका. कारखान्याचा नेम हाय. आजवर पुसला नाय, आज ह्या डोल्यांवर चुना मारनार नाय.”

“तू नको, मी पुसतो!” असं म्हणून गोविंदाने चुन्याची बादली घेतली आणि शिडीवर चढला. चुन्यात बुडवलेला कुंचा उचलला. बोटीने त्याच्याकडे पाहिलं. ती रागावून पाहत नव्हती. ‘चढलात खरे, आता उतरणार कसे?’ अशी ती नजर होती. गोविंदाचा हात हवेतच राहिला. ही नजर आपल्याला कुणीतरी रोज देतं, बहुधा तिसऱ्यांदा भात मागितल्यावर देतं, असं त्याला वाटलं. पण कोण ते आठवेना. चुना मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला आणि तो तसाच खाली उतरला.

“मला नाय जमायचं. वलखीचं कुनीतरी वाटतं रं.”

“वाटतं म्हंजे?” बायजाबाई काठी टेकत पुढे आली. भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. “तुजं डोलं हायत का भोकं? पोरगी तुजी नि वलखायचं आमी?”

दारात सरू दिवा लावायच्या समईची वात करत उभी होती. गावाने भिंतीकडे पाहिलं. मग दाराकडे. पुन्हा भिंतीकडे. चार वेळा अख्ख्या निडीच्या माना एकदम इकडून तिकडे झाल्या. भाताच्या शेतावरून वारा गेला तरी एवढी शिस्त दिसत नाही. फरक एवढाच की भिंतीवरची सरू लाजत नव्हती.

दिनानाथ आपल्या चपलांकडे बघत राहिला. पेणला परत जावं आणि अनंत चतुर्दशीला कुठल्यातरी मूर्तीबरोबर आपणही पाण्यात उतरावं, असा त्याचा विचार पक्का होत आला होता.

“ह्या… ह्या बोटीला…” गोविंदाने चुन्याने भरलेला हात भिंतीकडे केला. “माजी पोरगी जावयाच्या बोटीला जोडलीस?”

आणि त्याच वेळी मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

सगळे नागोठण्याच्या बाजूला डोळे लावून होते, वाजंत्रीसुद्धा त्याच बाजूला बसवली होती. पण पुंडलिक आला रोह्याच्या बाजूने. एसटीत झोप लागून तो थेट रोह्याला पोचला होता आणि तिथून एका पेंढ्याच्या गाडीत बसून मागे आला होता. पेंढ्यावर पालथा पडलेला, तोंडात एक काडी, चेहऱ्यावर असं सुख की देवालाही हेवा वाटावा.

“आलो, मामा!” म्हणत तो उतरला. वाजंत्रीवाले धावत आले, सनई मध्येच कुठूनतरी सुरू झाली. गोविंदाने सगळं विसरून त्याचा हात धरला, वळवला, आणि अभिमानाने भिंतीकडे बोट केलं. “बघ! तुजी रत्नमाला!”

पुंडलिकने वर पाहिलं. भिंतभर समुद्र. निळा, डुलता, रोह्याच्या सगळ्या निळीसकट. त्याचा चेहरा आधी पांढरा, मग हिरवा, मग रत्नमालेच्या समुद्राचा झाला. तो एकदा पुढे झुकला, एकदा मागे झुकला, आणि धावत जाऊन वालाच्या वाफ्यात ओकला.

सनई थांबली.

बायजाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, ताक पाजलं. पुंडलिक ओसरीवर भिंतीकडे पाठ करून बसला. “अक्का, डोले बिले काय काडलेत तिला? मला वाटलं, शोधत आली.”

“कोन?”

“बोट! पलून आलोय मी. म्हंजे रीतसर, राजीनामा देऊन, पन पलूनच.”

गोविंदा मटकन खाली बसला. “तू बोटीवर क्याप्टन ना रं?”

“क्याप्टन? भट्टीत कोलसा घालतो, मामा. बोटीच्या पोटात. दिस हाय का रात, कलत नाय. वर आलो की लाटा दिसतात नि पोट फिरतं, म्हनून वरच येत नाय. ही बोट अशी पांढरी हाय हे मला पन कार्डावरूनच ठावं.”

“नि कार्डं?”

“वर सायबांच्या खोलीत थप्पी असते. फुकट. मला वाटलं, तुमाला बरं वाटंल.”

“बरं वाटलं की रं,” गोविंदा पुटपुटला, आणि त्या आवाजाने सनईवाल्यालासुद्धा वाईट वाटलं.

पुंडलिकला मात्र ताकाने तरतरी आली होती. गोविंदाच्या वावराकडे बघून तो म्हणाला, “मामा, मला बोट नको नि भट्टी नको. मला वाल पेराया शिकवा. सरूशी लगीन म्हनाल तर करीन, नको म्हनाल तर नाय करनार. पन वाल शिकवा. मला अशी जागा पायजे जी उभी केली की उभी रहाते.”

आता गोविंदाची काय स्थिती झाली असेल! बोटवाल्याला मुलगी देईन म्हणून बाजारभर सांगितलेलं, वाजंत्री समोर बसलेली, आणि समोरचा बोटवाला जमिनीला मिठी मारायला आलेला.

“मी शबूद दिलाय,” तो म्हणाला. “बोटवाल्यालाच देनार. एसटीच्या कंडक्टरला सांगून बसलोय. आता बोटवाला कुठनं आनू?”

“आबा,” दारातून सरू म्हणाली. समईची वात तिने केव्हाच बाजूला ठेवली होती. “निडीत बोट कुनी आनली?”

 अख्ख्या निडीच्या माना पुन्हा एकदा शिस्तीत वळल्या, या वेळी दिनानाथकडे.

“बोट सोडलेला नको मला,” सरू म्हणाली. “बोट आनलेला असंल तर बघू. पन त्यानं आधी वरडाया पायजे.”

 दिनानाथने होडीवाल्याकडे पाहिलं. होडीवाला नेहमीप्रमाणे पाठमोरा होता. त्याच्याकडून काही मदत नव्हती.

सरू ओसरीवरून उतरली, भिंतीसमोर उभी राहिली आणि मान तिरकी केली. “बाकी समदं बरं हाय. डावा डोला जरासा बारीक झालाय.”

“तुजा बारीकच हाय!” दिनानाथ एवढ्या जोरात ओरडला की गाडीचे बैल दचकले. “तीन वर्सं बारीकच हाय! मी काय चुकतोय व्हय? जसा हाय तसा काडला! दर साली काडला!”

एवढं बोलून त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं आणि तो शिडीला धरून उभा राहिला.

सरूने आपला डावा डोळा हाताने झाकला. मग बोटांच्या फटीतून बघितलं. मग ती अशी हसायला लागली की बायजाबाई हसली, पुंडलिक पोट धरून हसला, आणि सनईवाल्याला हे लग्नच आहे असं वाटून त्याने मंगलाष्टकांच्या वेळची सनई लावून टाकली. फक्त गोविंदा हसला नाही. तो उठला, दिनानाथजवळ गेला आणि गंभीरपणे विचारलं, “दुसऱ्या भिंतीवर एडन बंदर निघंल का?”

“निघंल, मामा,” दिनानाथ म्हणाला. काकाचा मामा कधी झाला हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

“रोह्यात नीळ नाय उरली.”

“पेनवरनं आनतो.”

“मंग ठीक हाय. बोटवालाच हायस तू.”

संध्याकाळी वावरात पोपटी लावली. वालाच्या शेंगा मडक्यात, वर भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं करून भोवती पेंढ्याचा जाळ. त्या जाळाला पुंडलिकने कुणाला हात लावू दिला नाही. “भट्टी मला समजते,” तो म्हणाला, “पन ह्या भट्टीवरनं आबाल दिसतं.” शेंगा अशा वाफवल्या होत्या की गोविंदाने त्याला तिथल्या तिथे वालाचा अर्धा वाफा तोंडी देऊन टाकला, उरलेल्या अर्ध्यात तो सकाळी ओकलेला होता, तो तसाही त्याचाच.

फाल्गुनात लग्न झालं. पेणहून हैबतराव आले, भिंतीसमोर उभे राहिले, चपला काढल्या आणि म्हणाले, “आजोल सापडलं.”

सासरी निघायच्या आधी सरूने खारीच्या केसांची कुंचली मागून घेतली आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभी राहून होडीवाल्याचं पाठमोरं डोकं जरा वळवलं, म्हणजे निदान वळवायचा प्रयत्न केला. त्याला एक डोळा दिला. तो भलताच मोठा झाला, भुवईच्याही वर गेला.

“उजवा हाय का डावा?” दिनानाथने विचारलं.

“तू सांग,” सरू म्हणाली.

दिनानाथने मान तिरकी केली, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या आखणीला नावं ठेवली नाहीत. तेवढ्यात वळणावर एसटीने हॉर्न दिला, आणि गोविंदाने डोळे पुसता पुसता, बोटीच्या वतीने, हात वर केला.